वडील कोठडीत, आठवड्याला तीन डायलिसिस: जामीन मिळेल का?

एका मुलाचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. वडील ६७ वर्षांचे, एका पतसंस्थेचे माजी संचालक. ठेवीदारांच्या पैशांच्या अपहाराचा गुन्हा. भारतीय दंड विधानाची ४०९ आणि ४२० ही कलमं, जोडीला एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा. पाच महिन्यांपासून जिल्हा कारागृहात आहेत. चार्जशीट दाखल झालं आहे. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलेला. सेशन कोर्टाने एकदा जामीन फेटाळला आणि आदेशात प्रकृतीबद्दल एकच ओळ आहे, ‘कारागृहामार्फत उपचार सुरू आहेत.’ मुलगा विचारतो, ‘आजारी माणसाला जामीन द्यायचा असं कायद्यातच आहे ना? मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं तर हायकोर्टात काम होईल का?’

मी फौजदारी बाजूला पंचवीसेक वर्षं वकिली करतोय, बहुतेक वेळा आरोपींच्या बाजूने. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको, त्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. वडील आजारी आहेत याबद्दल सरकारी वकीलही वाद घालणार नाहीत. किडन्या गेल्या आहेत, रिपोर्ट आहेत, कोर्टाने ते मान्यही केलं आहे. तुमचा अर्ज अडला तो आजार सिद्ध झाला नाही म्हणून नव्हे. आदेशातली ती एक ओळ पुन्हा वाचा. कोर्ट म्हणतंय, आजार आहे, पण कोठडीत राहून त्यावर इलाज होतोय. तुम्हाला खोडायचं आहे ते हे दुसरं वाक्य, आणि ते खोडणारा कागद मुंबईच्या डॉक्टरांकडे नाही. तो जेलच्या आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये आहे.

आता कायद्यात काय आहे ते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८०, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं ४३७. मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटने जामीन देऊ नये असं ते म्हणतं आणि लगेच अपवाद सांगतं: बालक, स्त्री, आजारी किंवा दुर्बल व्यक्ती असेल तर सोडता येईल. ‘सोडता येईल’ असं आहे, ‘सोडलंच पाहिजे’ असं नाही. म्हणजे आजारपणाने दाराची कडी निघते, दार उघडायचं की नाही हे न्यायाधीशच ठरवतात. शिवाय हे कलम सेशन कोर्टाला आणि हायकोर्टाला थेट लागू नाही. त्यांचे अधिकार ४८३ मध्ये आहेत, जास्त रुंद आहेत, आणि तिथे आजाराचा वेगळा उल्लेख नाही. तरी तो अपवाद सगळेच न्यायाधीश डोळ्यांसमोर ठेवतात.

तुमच्या केसमध्ये ४०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून गुन्हा गंभीर गणला जातो. कुणीतरी तुम्हाला सांगेल की अर्धी शिक्षा, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश शिक्षा भोगून झाली की कलम ४७९ खाली सुटका होते. ज्या गुन्ह्याला जन्मठेप सांगितली आहे त्याला ते कलम लागत नाही. तो नाद सोडा.

तुमची बाजू एका अर्थी सोपी आहे, कारण एमपीआयडीमध्ये जामिनावर मनी लाँडरिंगसारख्या जाचक अटी नाहीत. मनी लाँडरिंगच्या कायद्यात, कलम ४५ खाली, आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर गुन्हा करणार नाही अशी कोर्टाची आधी खात्री पटावी लागते. आजारी आणि दुर्बल माणसाला त्या जोड-अटींतून सूट मिळू शकते. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात तीही खिडकी नाही. तरीसुद्धा एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, तेलुगू कवी वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने सहा महिन्यांचा आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायमचा जामीन प्रकृतीच्या कारणावर दिला, कारण कायद्यात खिडकी नसली तरी घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क कोठडीच्या दाराशी संपत नाही. त्याच प्रकरणातले, त्याच तळोजा कारागृहातले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, त्यांना पार्किन्सन्स होता. विशेष न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांचा जामीन नाकारला आणि हायकोर्टात अर्ज चालू असतानाच ५ जुलै २०२१ रोजी ते रुग्णालयात वारले. खटला एक, जेल एक, आणि शेवट असे दोन. अशा अर्जात वेळ किती महत्त्वाचा असतो हे कुणाला समजावायचं असलं की मी ही जोडी सांगतो.

कोर्ट नेमकं काय मोजतं, ते आता. आजार किती मोठा आहे एवढंच मोजत नाही. आजाराला जे लागतं आणि कोठडीत जे मिळतं, त्यातलं अंतर मोजतं. कर्करोगाचं नाव घेऊनही अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिलेत आणि नावाने किरकोळ वाटणाऱ्या दुखण्यावर माणूस सुटलेलाही पाहिलाय, कारण त्या जेलमध्ये त्यावर काहीच होऊ शकत नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२० चा गायत्री प्रजापती यांच्या प्रकरणातला निकाल सरकारी वकील तुमच्याविरुद्ध नक्की काढतील. उत्तर प्रदेशच्या या माजी मंत्र्यांना अलाहाबाद हायकोर्टाने वैद्यकीय कारणावर तात्पुरता जामीन दिला होता. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. लखनौच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत उपचार चालू असताना ते अपुरे आहेत असं हायकोर्टाने कुठेच नोंदवलं नव्हतं, हे त्यामागचं कारण. हा निकाल आपल्याविरुद्ध आहे म्हणून घाबरू नका. उलटा वाचला तर तो सिद्ध काय करायचं तेच सांगतो: उपचार अपुरे आहेत, आणि ते कसे.

यात एक विचित्र कोंडी आहे. मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात अटक झालेले महाराष्ट्राचे माजी मंत्री नवाब मलिक यांचं उदाहरण बघा. ते अटकेत असतानाच महिनोन्‌महिने कुर्ल्याच्या खाजगी रुग्णालयात होते. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने जामीन नाकारला तेव्हा पसंतीच्या रुग्णालयात उपचार मिळताहेत हा मुद्दा त्यांच्याविरुद्ध गेला. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने किडनीच्या आजारावर दोन महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. जेट एअरवेजचे संस्थापक नरेश गोयल यांच्या बाबतीत विशेष न्यायालयाने जामीन नाकारून खाजगी रुग्णालयाची परवानगी तेवढी दिली होती, आणि मे २०२४ मध्ये हायकोर्टाने त्यांना दोन महिन्यांसाठी सोडलं. तेव्हा त्यांच्या पत्नीचाही कर्करोग शेवटच्या टप्प्यात होता. म्हणजे ‘कोठडीत राहून खाजगी रुग्णालय’ ही सवलत मागितली तर प्रकृती सुधारते आणि जामिनाची केस दुबळी होते. तरीही माझा सल्ला विचाराल तर, वडिलांना आज धोका असेल तर ती सवलत आधी मागा. जामिनाच्या डावपेचासाठी माणसाला उपचारावाचून ठेवायचं नसतं. असा डाव खेळायला सांगणारे वकील असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

आता जेलच्या रिपोर्टकडे येतो, कारण निम्म्याहून जास्त अर्ज तिथेच मरतात. तुम्ही अर्ज केला की कोर्ट सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि कारागृह अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवतं. अहवाल एका पानाचा येतो. बंद्याला अमुक आजार आहे, नियमित औषधं दिली जातात, गरजेनुसार शासकीय रुग्णालयात पाठवलं जातं, आणि शेवटी ते दोन शब्द: ‘प्रकृती स्थिर’. न्यायाधीशांसमोर त्या दिवशी चाळीस मॅटर असतात. ‘प्रकृती स्थिर’ वाचलं की पान उलटतं. हा अहवाल खोटा असतोच असं नाही. नाडी, रक्तदाब, ताप बघितला आणि तो त्या क्षणी ठीक होता, एवढाच त्याचा अर्थ. डायलिसिसवरचा माणूस मशिनवरून उतरल्यावर स्थिरच दिसतो. पण पुढची फेरी चुकली की रक्तात पोटॅशियम वाढतं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि स्टेंट असलेल्या हृदयाला ते झेपत नाही. हा धोका ‘आज स्थिर’ मध्ये येत नाही, तो तारखांमध्ये येतो.

म्हणून तारखा गोळा करा. चार्जशीटनंतरच्या नव्वद दिवसांत किती डायलिसिस व्हायला हवे होते आणि किती झाले? सिव्हिलच्या डायलिसिस विभागात प्रत्येक फेरीचा कागद असतो. मशिनवर जाण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, किती तास. नियमाने साधारण चार तास लागतात. कैद्याला उशिरा आणलं आणि गार्डची ड्यूटी संपत आली म्हणून अडीच तासांत उठवलं, तर कागदावर डायलिसिस ‘झालं’ असतं आणि प्रत्यक्षात अर्धंच झालेलं असतं. आधीचं वजन दर फेरीला वाढत चाललं असेल तर तो तुमचा सगळ्यात बोलका पुरावा आहे. तिथे वाद घालायला जागा नाही, वजनकाट्याचा आकडा आहे.

फेरी का चुकते? डॉक्टर नाही म्हणून क्वचित. बहुतेक वेळा एस्कॉर्ट, म्हणजे कैद्यासोबत जाणारे पोलीस, मिळत नाहीत म्हणून. गार्डची मागणी जेलकडून पोलीस मुख्यालयाला जाते. त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा, गणपती बंदोबस्त, निवडणूक काहीही असतं, आणि गार्ड येत नाही. हा पत्रव्यवहार जेलमध्ये फाइल केलेला असतो. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत आम्ही कोर्टाला अर्ज केला की तीन महिन्यांची गार्ड-मागणीपत्रं आणि जेलच्या दवाखान्याचं रजिस्टर दोन्ही मागवा. जेलने स्वतःच दाखल केलेल्या कागदांत सात मागण्यांपुढे ‘गार्ड अनुपलब्ध’ लिहिलं होतं. त्यानंतर ‘प्रकृती स्थिर’वर कुणी बोललं नाही. जेलच्या डॉक्टरांवर आरोप करण्याची गरजही पडली नाही. तो मोह टाळाच. ते बिचारे आठशे माणसांमागे एकटे असतात, आणि पुढचा रिपोर्ट त्यांच्याच सहीने येणार असतो.

माहिती अधिकारातूनही कागद मिळतात. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची तरतूद कलम ७ मध्ये आहे, अर्जावर ते ठळक लिहा. पण भरवसा कोर्टामार्फत मागवण्यावर जास्त ठेवा.

एक छोटी गोष्ट विचारून घ्या: डायलिसिस हाताच्या फिस्टुलातून (शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीतून) होतं की मानेतल्या नळीतून? मानेतली नळी असेल तर जंतुसंसर्गाचा धोका मोठा, आणि पन्नासच्या बराकीत शंभर माणसं झोपत असतील तर तो कागदावर मांडण्यासारखा मुद्दा आहे. फिस्टुला असेल तर त्या हाताला बेडी, दोरी, रक्तदाबाचा पट्टा काहीही लावायचं नसतं. तसं होत असेल तर जामिनाची वाट न बघता उद्याच अर्ज करा. असे आदेश एका दिवसात मिळतात.

मेडिकल बोर्डाबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराच्या एका अशिलासाठी मी मागणी केली की वैद्यकीय महाविद्यालयाच्या बोर्डाकडून ‘प्रकृती तपासून अहवाल मागवावा’. बोर्डाने प्रकृती तपासली आणि कळवलं, रुग्ण स्थिर, औषधं चालू ठेवावीत. अर्ज फेटाळला. दुसऱ्या अर्जात मी तोच बोर्ड मागितला, पण प्रश्न लिहून दिले. कोणते उपचार, किती वेळा, किती काळ लागतील? ते या कारागृहात होतात का? या शहरातल्या शासकीय रुग्णालयात होतात का? खंड पडला तर जिवाला काय धोका? झोपण्याची जागा, धूळ, गर्दी यांचा आजारावर परिणाम होतो का? त्याच डॉक्टरांनी त्याच माणसाबद्दल पूर्ण वेगळा अहवाल दिला आणि तीन महिन्यांचा जामीन झाला. दोन्ही वेळा डॉक्टर खरंच बोलले होते, मी विचारलं वेगळं होतं. मधे नऊ आठवडे गेले, ते त्या माणसाने बराकीत खोकत काढले.

घरच्या डॉक्टरांचं ‘यांना तुरुंगात ठेवणं योग्य नाही’ असं पत्र जोडू नका. एका न्यायाधीशांनी मला भर कोर्टात विचारलं होतं, ‘वकीलसाहेब, जामिनाचा अर्ज तुम्ही लिहिला की डॉक्टरांनी?’ डॉक्टरांनी आजार, उपचार आणि धोका लिहावा. निष्कर्ष आपण काढायचा.

न्यायाधीश इतके साशंक का असतात, याचा राग तुम्हाला येणार. त्यांची बाजू समजून घ्या. पैसेवाल्या आरोपीच्या छातीत अटकेच्या रात्रीच कळ येते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्यात ससूनच्या कैदी वॉर्डातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला आरोपी पळाला, त्यावर केवढा गदारोळ झाला होता. तुमच्या केसमध्ये तर आणखी एक गोष्ट आहे. सुनावणीला ठेवीदार येऊन बसतात. त्यात सत्तरीचे निवृत्त शिक्षक असतात, ज्यांच्या बायपासचे पैसे त्याच पतसंस्थेत अडकलेत. न्यायाधीशांना एक आजारी माणूस दिसत नाही, दोन दिसतात. म्हणून प्रकृतीसोबत पैशांचंही सांगा. एमपीआयडीखाली संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता शासनाने अधिसूचना काढून जप्त केली असेल, लेखापरीक्षण पूर्ण झालं असेल, कागदपत्रं सगळी पोलिसांकडे असतील, तर पुरावा बिघडवायला काही उरलेलं नाही असं म्हणता येतं. सहआरोपी संचालकांपैकी कुणाला जामीन झाला असेल तर तो आदेश आधी जोडा. आणि पासपोर्ट स्वतःहून जमा करायची तयारी दाखवा. आठवड्याला तीनदा मशिनवर जाणारा माणूस पळून कुठे जाणार, हा युक्तिवाद साधा आहे पण चालतो.

मागायचं काय, हे ठरवून मागा. शस्त्रक्रिया असेल, समजा किडनी प्रत्यारोपण ठरलं असेल, तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन लवकर मिळतो. तुमच्या वडिलांचा आजार मुदतीचा नाही. सहा आठवडे दिले तर सातव्या आठवड्यातही डायलिसिस आहेच. म्हणून हायकोर्टात मुख्य मागणी नियमित जामिनाची, प्रकृती आणि गुणवत्ता (म्हणजे खटल्यातल्या पुराव्याची बाजू) दोन्ही मुद्द्यांवर, आणि तो अर्ज निकाली निघेपर्यंत तात्पुरता जामीन अशी दुहेरी ठेवा. तात्पुरता मिळालाच तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी करा, शेवटच्या दिवशी नाही. दिल्लीचे माजी मंत्री सत्येंद्र जैन मे २०२३ मध्ये सहा आठवड्यांसाठी बाहेर आले, मुदत वाढत वाढत मार्च २०२४ पर्यंत गेली, आणि मग सुप्रीम कोर्टाने शरण जायला सांगितलं. बाहेर काढलेले दिवस कोठडीत धरले जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कुणी नजरकैदेची कल्पना काढेल. एल्गार प्रकरणातल्याच गौतम नवलखांना ती नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकृतीच्या कारणावर मिळाली होती, पण पहाऱ्याचा खर्च त्यांच्यावर पडला आणि २०२४ मध्ये जामिनावर सोडताना सुप्रीम कोर्टाने त्यापोटी २० लाख भरायला लावले. जिल्ह्याच्या ठिकाणी हा मार्ग मी कधी वापरलेला नाही.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथेच न्यायाधीन बंद्यांच्या पुनर्विलोकन समितीकडे वडिलांचं नाव द्या. ती समिती आजारी आणि दुर्बल बंद्यांची प्रकरणंही बघते. तिची शिफारस म्हणजे जामीन नव्हे, पण हायकोर्टात जोडायला चांगला कागद आहे. जामीनदार आणि त्याची सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, आत्ताच तयार ठेवा. आदेश झाल्यावर तहसीलमध्ये दाखल्यासाठी तीन आठवडे घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि वैद्यकीय जामिनात तीन आठवडे म्हणजे नऊ डायलिसिस.

मला पूर्ण चित्र दिसत नाही, त्यामुळे जामीन होईलच असं म्हणणार नाही. अपहाराची रक्कम किती, वडिलांच्या सहीचे किती व्हाउचर, ठेवीदार किती, चार्ज फ्रेम झाला का (म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केले का), यावर बरंच आहे. सगळ्या फेऱ्या वेळेवर, पूर्ण चार तास होत असतील तर नुसत्या प्रकृतीवर अर्ज अवघड आहे, आणि तेव्हा गुणवत्तेवरच भर द्यावा लागेल. म्हणून पुढच्या मुलाखतीला वडिलांना तीनच गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात कोणकोणत्या दिवशी नेलं नाही, मशिनवर किती वाजता घेतलं आणि किती वाजता उठवलं, आणि नळी मानेत आहे की हातात. उत्तरं तारखांसकट लिहून कळवा, मग अर्जाचा मसुदा कसा असावा ते सांगतो.